बाबांचा शुक्रवारचा प्रश्न

तुम्हाला हसू येईल, पण त्या शुक्रवारी बाबांनी फोनवर नुसतं "कशी आहेस?" विचारलं आणि मी हातातलं काम टाकून उभीच राहिले.

शारजाला येऊन मला चार वर्षं झाली होती, पण हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. नगरच्या शाळेत इतिहास शिकवण्यात त्यांचा जन्म गेलेला. दर शुक्रवारी मी फोन लावला की तिकडून सुरुवातच व्हायची, "बोल, लहान मुलाला गादीवर बसवून राज्य कुणी चालवलं?" मी "ताराबाईंनी" म्हटलं, की "शाब्बास! पास झालीस."

म्हणून मीच म्हटलं, "बाबा, आज चांदबीबीवर प्रश्न नाही का?"

"कोण गं त्या? तुमच्या शेजारी राहतात का?"

मी हसणार, तेवढ्यात फोन कट झाला. नवरा म्हणाला, "मस्करी केली असेल गं. यल्ला, जेवायला चल." मी मात्र रीडायल दाबत बसले. नुसती रिंग जात होती.

शेवटी आईनं उचलला.

"आई, बाबांना काय झालंय?"

"वर्ष झालं गं. प्रश्न आणि उत्तर, दोन्ही मीच कागदावर लिहून त्यांच्या हातात देते. आज मला गिरणीत उशीर झाला."