मध्ये बसणारी

(ऑकलंड, हेन्डरसन. २००६. शनिवारची दुपार. सुरेखा कपड्यांच्या घड्या घालतेय. एकवीस वर्षांची लेक इरावती कोट न काढताच बसलीय.)

सुरेखा : त्याची आजी जाऊन दहाच दिवस झालेत. दुःखात माणूस काहीबाही बोलतो. मातियास येईल परत.

इरावती : नाही येणार. फ्लॅटवर येऊन, आपलं संपलं, असं सांगून गेला. रडला पण.

सुरेखा : दोन वर्षं आपल्याकडे वरणभात जेवलाय तो. असं झालं तरी काय?

इरावती : मी केलं, आई. हॉस्पिटलमधलं तुला सांगितलंच नाही मी.

सुरेखा : मग आता सांग.

इरावती : त्याच्या आजीला इंग्लिश यायचं नाही आणि ह्याला स्पॅनिश. चिली सोडून इथे आले ना ते, तेव्हा त्याच्या डॅडनी ठरवलं, मुलं फक्त इंग्लिश बोलणार. मग दोघं नुसते हसायचे एकमेकांकडे. मी युनिव्हर्सिटीत स्पॅनिश घेतलं आणि त्यांच्या मध्ये बसायला लागले. जाम फनी असायचं ते. आजी काहीतरी चावट बोलायची, मी लाजायचे, आणि हा विचारत बसायचा, काय म्हणाली, काय म्हणाली.

सुरेखा : आणि हॉस्पिटलात?

इरावती : शेवटच्या दिवशी तिने त्याचा हात धरला आणि मला विचारलं, हा मुलगा कोण?

सुरेखा : अगं बाई.

इरावती : तो विचारायला लागला, काय म्हणते? मी म्हटलं, तू अगदी आजोबांसारखा दिसतोस म्हणते. फ्युनरलमध्ये त्याने सगळ्यांसमोर तेच सांगितलं. तिचे शेवटचे शब्द म्हणून.

सुरेखा : मग कळलं कसं त्याला?

इरावती : त्याची आत्या खोलीत होती. तिला स्पॅनिश येतं. काल तिने सांगितलं. तो मला म्हणाला, माझ्याकडे तिचं एक वाक्य होतं, तेही तुझं निघालं. आधीचंही सगळं तूच बनवलंस का, विचारत होता. मी नाही म्हटलं. त्याला पटलं नाही.

सुरेखा : तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

इरावती : तू? तू कधी खोटं बोलतेस?

सुरेखा : दर रविवारी पुण्याला फोन लावते, तेव्हा तू तुझ्या आजीशी काय बोलतेस?

इरावती : हाय म्हणते. मग तुला देते.

सुरेखा : आणि मी सांगते, इरा विचारतेय गुडघा कसा आहे. तुझी आठवण काढत होती. तुझ्या हातचं थालीपीठ खावंसं वाटतंय तिला.

इरावती : कधीपासून?

सुरेखा : इथे आलो तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. पहिलं वर्षभर बोलायचीस स्वतः. मग थांबलीस.

इरावती : आजीला खरं वाटतं ते?

सुरेखा : मागच्या महिन्यात म्हणाली, सुरेखा, तुझी इरा अगदी तुझ्यासारखी बोलते गं.