स्पीकरची वाटणी

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शब्दही साधेच आहेत, आठवीतच शाळा सुटली माझी, चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो... पण तुम्हीच सांगा, स्पीकरच्या जोडीची कुणी वाटणी करतं का? आमच्या घरात केली! आजोबा गेले, बाबा आणि काका वेगळे झाले, भांडीकुंडी, कपाटं, सगळं निम्मं निम्मं. अ‍ॅम्प्लिफायर दोघांचे आपापले, पण स्पीकरची जोडी आजोबांची, एकच! मग काय, एक यांनी नेला, एक त्यांनी. आणि रेकॉर्डी जुन्या स्टिरिओच्या, एका स्पीकरमधून गाणारीचा आवाज, दुसऱ्यातून वाद्यं... तुम्हाला सांगतो, इकडे बाबांच्या खोलीत बाई नुसती गातेय आणि भिंतीपलीकडे काका नुसतं व्हायोलिन ऐकतोय!

त्यात दोघांचा दोन वर्षं अबोला. जे काय बोलायचं ते माझ्यामार्फत. "सांग तुझ्या काकाला, जोडी मधल्या खोलीत ठेवू." काका हातभर अंतरावर उभा! "सांग तुझ्या बापाला, चालेल."

मी दुरुस्तीच्या दुकानात कामाला, म्हणून जोडणी माझ्या गळ्यात. दोघांचंही एकच, "त्यात काय एवढं? दोन्हीकडच्या वायरी एकत्र पिळून टाक!" पिळून टाक? अहो, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकदम चालू झाले तर याचा करंट त्याच्या पोटात, नुसता धूर! एका वेळी एकच, बाबा! एका वेळी एकच, काका! पण ऐकतो कोण?

शेवटी रविवारभर खपून स्विचचा डबा केला. बटण डावीकडे फिरवलं की बाबा, उजवीकडे फिरवलं की काका. वायरी तीनतीनदा तपासल्या, धूर निघाला असता तर दोघांनी माझ्याशीही अबोला धरला असता... आणि गाणं लागलं! अख्खं! बाई आणि व्हायोलिन एकत्र! लगेच दोघांचे हात बटणावर.

"गाढवा, हात काढ!"

"दादा, तू काढ आधी!"

थेट बोलले हो! मधे मी नाही! आई पीठभरल्या हातांनी धावत बाहेर आली. माझे तर डोळेच भरले, म्हटलं, भांडा, पोटभर भांडा, फक्त एका वेळी एकच!

तेवढ्यात दारात आत्या, काखेत तिचा अ‍ॅम्प्लिफायर. "स्पीकर माझ्याही बापाचे आहेत, म्हटलं!" दोघे भाऊ एका सुरात माझ्यावरच, "बघतोस काय? हिची वायर जोड!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून नवा स्विच घेतला, सहा जणांची सोय असलेला. मालक म्हणाले, "तिघंच ना रे?"

म्हटलं, मालक, चुलत आणि आते मिळून भावंडं तीन आहेत... कधीतरी मोठी होणारच ना!