तहसीलदार नावाचा बैल

आमचं गाव शिंदखेड्याच्या अलीकडे, फाट्यावर उतरून चालत जायचं, आणि आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पुस्तक लिहिणं सोडा, पुस्तक विकतही घेतलेलं नव्हतं, त्यामुळे मी लेखक कसा झालो असं तुम्ही विचारता तर काय सांगू तुम्हाला, मला ते अजून नीट कळलेलं नाही. एसटीत कंडक्टर कसा झालो ते मात्र सांगता येतं. मॅट्रिक झालो, धुळे डेपोत भरती निघाली, लागलो. शेत मोठ्या भावाकडे राहिलं. त्याला सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो, आणि मी नाना.

आबा म्हणजे कडक माणूस. वडील गेले तेव्हा मी ड्यूटीवर होतो, निरोप मिळून गावी पोचलो तर आबा ओट्यावर उभा, डोळे कोरडे, लाकडं किती आणायची ते माणसांना सांगत होता. मला म्हणाला, उशीर झाला का गाडीला. एवढंच.

वडिलांचा एक बैल होता, पांढरा, मानेवर काळी झाक. चालायचा मोठ्या रुबाबात आणि दोनदा हाक मारल्याशिवाय जागचा उठायचा नाही, म्हणून वडिलांनी त्याचं नाव ठेवलं तहसीलदार. सकाळी गोठ्यात जाऊन म्हणायचे, उठा तहसीलदारसाहेब, आता कोर्ट भरेल, आणि तो डोळे मिटून रवंथ करत बसायचा. वडिलांमागे दोन-एक वर्षांनी तोही गेला. मी तेव्हा रजेवर होतो. गोठ्याच्या दारात जाऊन पाहतो तर आबा खाली बसलेला, बैलाची मान मांडीवर, आणि लहान मुलासारखा रडतोय. मी दारातच थांबलो. 

ते माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा मी मुक्कामी गाडीवर असायचो, म्हणजे संध्याकाळी खेड्यात गाडी नेऊन लावायची, तिथेच झोपायचं आणि सकाळी परत आणायची. आमचे ड्रायव्हर सय्यदभाई. मी गाडीतल्या दिव्याखाली लिहीत बसायचो आणि ते बाकावर आडवे होऊन म्हणायचे, लिखो नाना, लिखो, सुबह बॅटरी उतर गयी तो धक्का तुम मारना. पण दिवा बंद करा असं कधी म्हणाले नाहीत. माझी बायको लवकर गेली, मुलगी पाचोऱ्याला दिलेली, खोलीवर जाऊन तरी काय करायचं, त्यापेक्षा गाडी बरी. अशी ती कादंबरी झाली. गाडीत बसलेल्या माणसांचं बोलणं कानात असायचं तेच मी कागदावर ठेवत गेलो, मला दुसरी भाषा येत नव्हती हो.

आता ऐका, मी सगळी नावं बदलली होती. गावाचं बदललं, आबाचं बदललं, वहिनीचं बदललं, आमच्या नदीचंसुद्धा बदललं. बैलाचं राहिलं. राहिलं म्हणजे, बदलून पाहिलं होतं, राजा लिहिलं, सोन्या लिहिलं, पण तो कागदावर उठेचना. मग म्हटलं, असू दे, बैल काय वाचणार आहे.

पुस्तक पुण्याला छापून आलं, तिथे बक्षीसही मिळालं. समारंभाला गेलो. कोणी म्हणालं, ह्यांची नाळ मातीशी जोडलेली आहे. कोणी म्हणालं, तुमच्या अहिराणीत दोन वाक्यं बोला ना. तोंडात आलं तेच म्हटलं, उठा तहसीलदारसाहेब. सगळं सभागृह हसलं, टाळ्या वाजल्या, आणि मी खाली मान घालून बसलो. वडिलांचं ते बोलणं मी घरातून उचलून भलत्या ठिकाणी आणून ठेवलं असं वाटलं. नंतर चहाच्या वेळी सगळे एकमेकांच्या ओळखीचे, मी बशी धरून भिंतीपाशी उभा.

तिकडे जळगावच्या एका पेपरनं रविवारच्या अंकात नेमकं बैल मरतो ते प्रकरण छापलं. आमच्या गावात ते न्हाव्याच्या दुकानात मोठ्यानं वाचलं गेलं. तहसीलदार नावाचा बैल साऱ्या तालुक्यात दुसरा कुठला असणार? बाकीची नावं मग लोकांनीच भरून घेतली. आबा दाढीला गेला तर एकानं विचारलं, काय आबा, बाप मरना तवय डोयाले पानी नही, अन् बैलसाठे रडना का? आबा साबण लावलेल्या गालानिशी उठून घरी आला, असं वहिनीनं मला मागाहून सांगितलं.

तुमच्याकडे कानबाई बसते का? आमच्या खानदेशात ही देवी नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, जे धान्य घेतात ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. माणूस पलटणीत असो, सुरतेला असो, त्याची मूठ घ्यायचीच. मेल्यावर तेवढी थांबते. आणि ते रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. त्या श्रावणात मी नारळ घेऊन गेलो होतो. वहिनी सुपापाशी बसलेली, नावं घेत मुठी टाकत होती, आबाचं झालं, पुतण्यांचं झालं, मग तिनं मूठ भरली आणि माझं नाव घेतलं. आबा खांबापाशी होता. आवाज न चढवता म्हणाला, त्याना नावनी मूठ लेवानी नही.

वहिनीचा हात तसाच राहिला. मग तिनं ती मूठ हळूच पोत्यात सोडली. आवाज होतो बघा गव्हाचा, तेवढा आवाज झाला. मी नारळ देवीपुढे ठेवला आणि फाट्यावर येऊन बसलो.

त्यानंतर गावी गेलो नाही. पण गाव गाडीत यायचंच ना. बाया बोलत बोलत चढायच्या आणि मला पाहून एक दुसरीला म्हणायची, गप वं, हाऊ लिखी टाकी. की सगळी गाडी चूप. तिकीट, सुटे पैसे, बस. ज्या बोलण्यावर मी पुस्तक लिहिलं ते बोलणंच बंद झालं. मी रूट बदलून मागितला, धुळे-जळगाव घेतला, सय्यदभाईही माझ्याबरोबर आले. तिथे गाडीत बसणारं कोणी मला ओळखत नव्हतं, आणि तेही काही बरं नव्हतं. पुण्याहून पत्र यायचं, दुसरी कादंबरी कधी? मी लिहायचो, चालू आहे. चालू काही नव्हतं. खोलीवर यायचो, स्टो पेटवायचो, एका माणसाची खिचडी कितीही कमी टाकली तरी उरतेच.

पाच-सहा वर्षं गेली असतील. कानबाई होऊन गेल्यावरचा दिवस होता. धुळ्याहून गाडी सुटली, मी तिकिटं फाडत मागे गेलो तर शेवटच्या बाकावर आबा. वाळलेला, हातात काठी, मांडीवर फडक्यात काहीतरी बांधलेलं. मी विचारलं, कुठलं देऊ? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, तू जाशी तठलं दे. मी जळगावचं फाडलं. पैसे त्यानंच दिले, मला भरू दिले नाहीत.

पारोळ्याला गाडी थांबली, माणसं चहाला उतरली, मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्यानं फडकं सोडलं. आत रोट होता, थोडी गंगाफळाची भाजी. म्हणाला, औंदा तुनी मूठ लिधी. खाय.

मी खाल्लं. मग तो सांगायला लागला. शेतीला आता ट्रॅक्टर आला होता, गोठा रिकामा पडला होता. नात शाळेत जाते, तिला शाळेत माझं पुस्तक मिळालं, तिनं त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, मी ते कधी ऐकेलच नव्हतं, नाना. एवढी वर्षं तो माझ्यावर रागावला होता तो न्हाव्याच्या दुकानातल्या त्या एका वाक्यावर. पुस्तक त्याच्या कानावर पहिल्यांदाच पडलं होतं. म्हणाला, तहसीलदार बठ्ठा तठेच शे, जसाना तसा. पोर वाचे अन् तो उठी उभा राह्यना.

थोडा वेळ तो काठीची मूठ चोळत बसला. मग म्हणाला,

बैलनं बरोबर लिखं तू. पन बाप गया तवय बी मी रडनू. दादर ज्वारीना वावरमा जाईसन रडनू, कोनले दिसाले नको म्हनीसन. तू धुयाहून येवापावत डोया पुसी टाकात. तू ते देखंच नही, मंग लिखशी कसं?

सय्यदभाई चहा पिऊन आले, म्हणाले, कौन है नाना? मी म्हटलं, भाऊ. जळगावला आबा उतरलाच नाही. म्हणाला, मले काय काम शे तठे, परतनं तिकीट फाड.

मग दोन श्रावण मी गावी गेलो. तिसऱ्याच्या आधी आबा गेला. त्या वेळी मात्र मी जवळ होतो.

आता रिटायर झालोय. गाडी नाही, खोली आहे. आबानं सांगितलेलं लिहायला बसतो. दादर उभी आहे, डोक्याच्या वर गेलेली, आणि आत कोणीतरी रडतंय, एवढं दिसतं. पुढे जाता येत नाही, पाती मध्ये येतात. बघू. नाही झालं तर नाही झालं.

यंदा कानबाईला गेलो होतो. वहिनीला आता डोळ्यांनी कमी दिसतं, सुनेनं सूप धरलं, वहिनीनं नावं घेतली. पहिलं नाव आबाचं असायचं. यंदा तिनं थोडं थांबून माझ्यापासून सुरुवात केली.

तुम्ही म्हणता तुमच्या घरात कॉलेजात जाणारे तुम्ही पहिलेच. मग तुम्हीही लिहाल कधीतरी, लिहा, देवी तुमच्या हाताला बळ देवो. पण लिहून झालं की आधी घरी बसून वाचून दाखवा, बाहेरून त्यांच्या कानावर जायच्या आत. आणि बैलाचं नाव तेच ठेवा.