धर्मशाळेच्या दाराशी

भूपेंद्र : आधी चहा तरी घे, निशा. बाकीचे यायला अजून वेळ आहे.

निशा : चहा नको, भैया. खाली टपरीवर तुमच्या खेळातली दोन नवीन पोरं बसलीत. मी रेवा खेळते म्हटलं, तर एक म्हणाला, "हीच ती रेवा, वेस उघडणारी." मी कधी वेस उघडली?

भूपेंद्र : नवीन आहेत, काहीबाही बोलतात.

निशा : रेवा या खेळातलं माझं पात्र आहे. खकनारहून बसनं येऊन येऊन मी तिला मोठं केलं. तुम्ही खेळात सांगता त्या गोष्टीतल्या सोनगावानं तिच्या हातात वेशीच्या चाव्या दिल्या, तेव्हा तुम्हीच पेढे वाटले होते. आणि इतके दिवस मी इथं आलेच नाही. म्हणजे ती धर्मशाळेत झोपलेली पाहिजे. तुमचाच नियम ना? जो रविवारी खेळायला आला नाही, त्याचं पात्र गोष्टीतल्या धर्मशाळेत झोपतं. त्याला कोणी हात लावायचा नाही.

भूपेंद्र : हो. नियम माझाच.

निशा : मग?

भूपेंद्र : सांगतो. तू येत नव्हतीस, तेव्हा एका रविवारी फक्त पंकज आणि दीपाली खेळायला आले होते. दोघांत काय लढाई रंगणार? तेवढ्यात समोरच्या कापड दुकानातले वसंतकाका वर आले. म्हणाले, मला पण बसू दे. नवीन पात्र बनवायचं म्हणजे अर्धी दुपार जाते, यार. मी रेवाची सगळी माहिती लिहिलेला तुझा कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

निशा : माझी रेवा वसंतकाकांना दिली.

भूपेंद्र : एका दुपारपुरती. मला वाटलं, तुला कळणार पण नाही. मग राक्षसांची फौज आली, वेशीवर थाप पडली. मी विचारलं, काका, रेवा काय करते? तर म्हणाले, "दार वाजलं तर उघडायचं, बेटा. जिंदगीभर दुकान केलं, आलेल्या माणसाला परत नाही पाठवलं."

निशा : आणि उघडलं.

भूपेंद्र : उघडलं. वर "या, बसा" पण म्हणाले.

निशा : तुम्ही थांबवलं नाही?

भूपेंद्र : एक शब्द पुरला असता. पण पंकज हसून हसून लोळत होता, दीपालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कितीतरी दिवसांनी टेबल असं रंगलं होतं, मतलब, मला मोह आवरला नाही. सोनगाव जळालं, निशा. काका परत आलेच नाहीत, आणि येईल त्या नव्या माणसाला पंकज हीच गोष्ट सांगतो. त्यात नाव रेवाचं असतं.

निशा : फोन का नाही केला?

भूपेंद्र : तुझे बाबा इंदूरला ॲडमिट, अशात हिला हे काय सांगायचं, असं म्हणायचो मनाशी. सच सांगू? ते निमित्त होतं. बाबांची तब्येत विचारायला तरी करायला हवा होता. तुझा आवाज ऐकला की हे सांगावं लागेल, म्हणून तोही नाही केला. लाज वाटते मला.

निशा : बाबा घरी आलेत. काठी घेऊन ओट्यापर्यंत चालतात.

भूपेंद्र : बरं झालं.

निशा : तिथं हॉस्पिटलच्या बाकावर बसून असायचे ना, डॉक्टर धड काही सांगायचे नाहीत. तेव्हा मला रेवा आठवायची. वाटायचं, कुठंतरी मी पांघरूण घेऊन निवांत झोपलेय, मला कोणी उठवणार नाही. हसू नका.

भूपेंद्र : नाही हसत.

निशा : आणि तुम्ही तिला उठवलं होतं.

भूपेंद्र : मी बदलतो सगळं. आजच सांगतो, ती रेवा नव्हती, कोणी मायावी बाई तिचं रूप घेऊन आली होती. सोनगाव परत उभं करतो.

निशा : नको. पंकज-दीपालीनं ती आग विझवायला धडपड केली असेल. ती का खोटी पाडायची? गाव जळालं ते जळालं. फक्त माझा कागद कोणी दिला, ते सगळ्यांना सांगा.

भूपेंद्र : सांगतो. तू बसशील ना खेळायला?

(जिन्यावर पावलं वाजतात. दारात एक अनोळखी बाई.)

कोकिळा : येऊ का? मी कोकिळा. इथं कोणीपण येऊन खेळू शकतं म्हणे. मला तर यातलं काहीच येत नाही, चलेगा ना?

भूपेंद्र : या, बसा. हे फासे, हा कोरा कागद. तुमचं नवीन पात्र बनवू. वेळ लागला तर लागू दे.

कोकिळा : पण आधीच सांगते हां, दर संडेला नाही जमणार मला. घरचं काय भरोसा. नाही आले, तर माझ्या पात्राचं काय होणार?

भूपेंद्र : ते... निशा, तू सांग. माझ्या तोंडी आता शोभत नाही.

निशा : ते धर्मशाळेत झोपेल, ताई. दाराशी माझी रेवा राखणीला बसलेली असेल.