सारस जोडीवरचे कापड

मी अल्का रत्नपाल रामटेके, वय ४१, धंदा आलूबोंड्याचा ठेला, राहणार मुर्री, जिल्हा गोंदिया. ठाण्यात बोलावल्यावरून समोर बसून सांगते की, माझ्या ठेल्यासमोरच्या चौकात दिवाळी २०१३ मध्ये लोखंडी सारस पक्ष्यांची जोडी उभी झाली. पंखांवर सौर पट्ट्या आहेत. दिवसा ऊन खायचे आणि संध्याकाळी चौकभर उजेड द्यायचा, हे तिचे काम. म्हणून चौक सजावट समितीने जुना दिव्याचा खांब काढून नेला.

अनावरण साहेबांच्या हस्ते व्हायचे होते, म्हणून जोडी कापडात गुंडाळली. साहेबांची तारीख मिळेना. मग आचारसंहिता लागली. ऊन नाही म्हणून उजेड नाही. ठेकेदार आला, कापडात शिरून बॅटऱ्या बदलल्या आणि कापड जास्तच घट्ट बांधून गेला. जोडीला ऊन लागते हे चौकात सगळ्यांनाच कळत होते. साहेबांच्या आधी हात कोणी लावायचा, एवढेच ठरत नव्हते.

होळीनंतर माझे पती रत्नपाल पाण्याची गुंडी घेऊन येत असता अंधारात मोटारसायकलने त्यांना उडवले. पाय मोडला. मी समितीचे अध्यक्ष मुन्नालाल यांना म्हणाले, "भाऊ, कापड काऊन नाही काढून राहिले? आनखी कोनाचा पाय मोडाची वाट पाहून राहिले का?" ते म्हणाले, "बहनजी, साहब के मान का सवाल है. तब तक टॉर्च रखो."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या चौकात विळ्याने दोरी कापली आणि कापड ओढले. संध्याकाळी जोडी उजळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुन्नालाल यांनी जोडीखाली उभे राहून आधी स्वतःचा फोटो काढून घेतला, नंतर माझ्याविरुद्ध तक्रार दिली.

साहेबांचा अपमान करण्याचा हेतू होता काय, असे विचारले असता सांगते की, त्या दिवशी साहेब माझ्या डोक्यातही नव्हते. रत्नपाल होते.

कापड पोलिसांनी जप्त केले आहे. जोडी पुन्हा झाकायची म्हणून मुन्नालाल ते परत मागत आहेत. माझी विनंती आहे की, निकाल लागेपर्यंत कापड ठाण्यातच ठेवावे. खटला पंधरा वर्षे चालला तरी माझी हरकत नाही. मी प्रत्येक तारखेला येईन.

जबाब मला वाचून ऐकवला. मी बोलले तसाच उतरला आहे. फक्त अंधार हा शब्द मी पुष्कळदा बोलले होते, हवालदारांनी एकदाच घेतला. तेवढ्यावर सही करते.