तारीख आजचीच पडेल

नाही म्हणजे नाही, सेन्यो. आधी ती खारवलेल्या मासळीची टोपली उचल टेबलावरून — असल्या भेटी घेत नाही मी आता. पिवळ्या तापाची लस हवी? देते, बाही वर कर. पण पिवळ्या कार्डावर तारीख आजचीच पडेल. तुला दहा दिवस मागची हवी — का, तर परवा विमान, गॅबनच्या जंगलात लाकूडतोडीची नोकरी, आणि विमानतळावर दहा दिवसांच्या आतलं कार्ड चालत नाही. का चालत नाही, विचारलंस कधी कुणाला? तुला छळायला? अरे, लस अंगात मुरायला तेवढे दिवस लागतात. तिथला डास काय कार्ड वाचून चावणार आहे?

साहेबांना फोन लावतोस? लाव की, खुशाल लाव. करा म्हणावं माझी बदली, पार उत्तरेच्या टोकाला टाका. सगळ्याच नर्सा लिहून देतात म्हणे — देतात ना, मीच द्यायची! केटा गावात नाव होतं माझं, सिस्टर जिफा कुणाला अडवत नाही म्हणून. ड्रायव्हर, व्यापारी, एक पाद्रीसुद्धा — आणि माझा एडेम. सख्खा धाकटा भाऊ, त्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू? लस टोचल्यावर तिसऱ्याच दिवशी निघाला तो, तुझ्यासारखाच, लाकडाच्या कामावर. तिकडे ताप भरला, डोळे हळदीसारखे झाले. तिथल्या डॉक्टरने कार्ड पाहिलं — लस वेळेत घेतलीय, म्हणजे पिवळा ताप नाही. मलेरियाची औषधं देत बसला बिचारा. माझ्या अक्षरावर विश्वास ठेवला त्याने. मोठ्या दवाखान्यात हलवलं तेव्हा उशीर झाला होता.

आईने मयताची पोस्टरं छापली, भिंतीभिंतीवर लावली, आणि प्रत्येक पोस्टरापाशी उभी राहून सांगत सुटली — लस घेऊनही माझं पोर गेलं, ही लसच खोटी. आमच्या आळीतल्या बाया आता बाळांनासुद्धा आणत नाहीत इथे. तीन वर्षं ऐकून घेतेय मी. अरे, लशीत काही खोट नव्हती — तारीख मी खोटी घातली होती, हे मी अजून कुणाला — आईलासुद्धा —

बघतोस काय असा? सांग जा गावभर, घाबरत नाही मी. हलू नकोस. झालं. कापूस दाबून धर. नोकरी गेली तर शिव्या घाल मला, रोज येऊन घाल, पण जिवंत राहून घाल. हे घे कार्ड, आजची तारीख आहे. आणि नीघ आता. बाहेर बाकावर माझी आई बसलीय, जेवण घेऊन आलीय — जाता जाता तिला आत पाठव.