कड्याची सावली

उन्हावरून आठवलं म्हणून सांगतो. रनाळ्याकडच्या एका दगडखाणीवर मी सुपरवायझर होतो. सुरुंग लावून लावून तिथला उभा कडा खिळखिळा झाला होता. सैल दगड आम्ही पहारीने पाडून घ्यायचो, खाली धोक्याची पाटीही लावली होती. तरी धडगावकडचे मजूर जेवायला नेमके कड्याखालीच बसायचे. मी ओरडलो की उठायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

एकदा चिडून मी त्यांच्यातल्या जमनाबाईला विचारलं, "वरून दगड आला तर?"

ती भाकरी मोडत म्हणाली, "साहेब, दगड कधी पडेल कोणाला ठाऊक? ऊन तर रोज पडतं."

मी आजूबाजूला पाहिलं. अख्ख्या खाणीत सावली होती ती त्या कड्याचीच.

मालकाकडे मी बांबू आणि ताडपत्री मागितली. शेठ हसले. "खदानमा मांडव? कोनं लगीन शे?"

मी पिच्छा सोडला नाही, तेव्हा कुठे सामान आलं. कड्यापासून लांब मांडव घातला. मजूर आपणहून तिथे बसायला लागले, मला ओरडावंही लागलं नाही.

मग एका दुपारी, जेवणं चालू असतानाच, कड्याचा एक भाग सुटून खाली आला. धूळ बसली तेव्हा जेवायची जुनी जागा दगडांखाली गेली होती. मांडवातले सगळे उठून उभे राहिले. जमनाबाईच्या हातातला घास हातातच राहिला.

शेठ धावत आले. त्या ढिगापाशी थांबले. मग हळूच विचारलं, "खाले कोनी व्हतं का?"

मी म्हटलं, "रोज असायचे, शेठ."